हलणारं घर

अकरा मजल्यांचं जहाज.
शर्विलनं समुद्राकडे एकदाही पाहिलं नाही.
पाहिला जेवणघरातला चमचा,
वेटरच्या छातीवरची पितळी पट्टी,
आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंचे झुमके,
तेही ओढून.

चढतानाच गुटीची सहाण अडली होती.
शिपायानं हुंगली,
मुरडशेंग उलटीसुलटी केली, हे काय म्हणाला.
काय सांगू?
रडण्याच्या आधीचं उत्तर आहे, बाबा.

तलावाशी पाटी : लंगोटवाल्यांना मनाई.
त्याचे बाबा एकटेच उतरले, लगेच वर आले.

पण रात्री, गोव्याच्या वाटेवर,
फरशी हळूच डावीकडे,
हळूच उजवीकडे,
आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा
तो कुणाच्या खांद्याशिवाय झोपला.
आम्ही दोघं जागेच. सवय नव्हती.

मंगळवार पेठेत परतलो.
इथलं घर हलत नाही.
"एवढं पैसं घालवून पाळणाच बघून आलासा व्हय?
दे इकडं, मी हलवतो,"
म्हणाली शालनआत्या.
दोन वाजता तीही दमली.

मग मी.
ओट्यापासून दारापर्यंत,
दारापासून ओट्यापर्यंत,
डावा पाय, उजवा पाय,
मध्ये बंदर नाही कुठलं.

साडेचारला दुधाच्या कट्ट्याकडं निघालेल्या म्हशी
दारावरून गेल्या,
काळ्या, ओल्या, एकीला खेटून दुसरी,
संपेचनात.
शर्विलनं खांद्यावरून मान उचलली.
बघत राहिला,
तोंड उघडं, माझी बट मुठीत विसरून.

शेवटची वळली कोपऱ्यावर.
बोळात शेणाचा वास, थोडी वाफ.
अजून बघतोय.