पाच बटणं

राग माझा कायमचा नाकाच्या शेंड्यावर,
आणि याकुत्स्कमध्ये, उणे अठ्ठेचाळीसात,
सगळ्यात आधी गोठतो तो नाकाचा शेंडाच.
म्हणजे हिशेबाने मी
या गावातली सर्वांत थंड डोक्याची बाई असायला हवी होते.
नव्हते.

सकाळी सातला खिडकीबाहेर धुकं,
सुरीने कापावं इतकं घट्ट.
एर्हान साडेचार वर्षांचा.
त्याला दोन जोड पायमोजे, लोकरीची विजार, तिच्यावर दुसरी,
स्वेटर, कोट, रेनडियरच्या कातड्याचे बूट,
आणि तोंडभर मफलर, डोळ्यांपुरती फट ठेवून.
कोटाला पाच बटणं.
"मी लावणार."
बस सात चाळीसची.

पूर्वी मी त्याचे हात बाजूला सारायचे,
खटाखट पाचही लावून मोकळी.
तो रडायचा. मफलर ओला व्हायचा.
आणि ओला मफलर
दाराबाहेर चार पावलांत पत्रा.

धीर धरावा, सासूबाई म्हणायच्या.
धरावा कुठे?
आमच्या हातमोज्यांना बोटंसुद्धा नसतात.

मग एक केलं, गजर वीस मिनिटं अलीकडे आणला.
नवस नाही, शपथ नाही,
फक्त गजर.
आमच्या लाकडी घराला नळ नाही,
लेना नदीचा बर्फ कापून अंगणात रचलेला असतो,
त्यातली एक लादी आत आणते, पिंपात सोडते.
पहिल्या हिवाळ्यात मी तिच्यावर कुऱ्हाड चालवायचे,
एक कपची गालाला लागली, खूण आहे अजून.
आता झाकण ठेवते आणि पाठ फिरवते.
आत ती मधूनच कडकन तडकते,
मी वळून बघत नाही.
(कधी कधी बघते.)

मग स्टुलावर बसते,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
हे महत्त्वाचं. हात मोकळे राहिले की ते माझे नसतात.
पहिलं बटण. दुसरं.
तिसऱ्याचं काज घट्ट आहे,
तिथे तो जीभ बाहेर काढतो.
चौथं चुकीच्या काजात.
मी छताकडे बघते. छताला एकोणीस फळ्या आहेत.

महिनाभर जमलं.
मग एक मंगळवार.
न्युर्गुनचा खाणीवरून फोन नाही, तीन दिवस झालेले,
आणि तिसरं बटण.
मांडीखालून हात कधी निघाला, मला कळलंच नाही.
बटण तुटलं, घरंगळत चुलीखाली गेलं.
एर्हान रडला नाही.
रडला असता तर बरं झालं असतं.
बस गेली.

रात्री बटण शिवायला बसले.
दिव्याचा उजेड पिवळा, दोरा निळा, काळा संपलेला.
सुईत जाईना.
थुंकी लावली, टोक कापलं, पुन्हा लावलं,
मुलांनी ऐकू नये असा एक शब्द तोंडून गेला.

तेवढ्यात तो आला.
स्टूल ओढलं, समोर बसला,
आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.
काही बोलला नाही.
नंतर छताकडे बघायला लागला.

दोरा नवव्या वेळी गेला.

ते बटण जरा तिरकंच बसलंय.
त्याला आता आधीपेक्षा जास्त वेळ लागतो.
गजर
पंचवीस मिनिटं अलीकडे आणलाय.