तासातला सिनेमा

वेचणीला सिनेमा सांगायचं काम माझं.
वणीच्या टॉकीजात मामेबहिणीसोबत पाहिलेला,
दोन तास चाळीस मिनिटांचा,
पऱ्हाटीच्या चार तासांत बरोबर बसतो.

म्हटलं, हिरोला आई नाही.
म्हणून तो रागीट. हे पहिल्याच सीनमध्ये कळतं.
बेबीकाकू म्हणाली, "मले बी माय नोती,"
आणि ओटी सावरून पुढच्या झाडाला गेली.

मग तो तिला बस स्टॉपवर पाहतो.
दुसऱ्या दिवशीही. दहाव्या दिवशी
बसला गाडी आडवी लावतो, म्हणतो,
हिच्याकडे कोणी पाहायचं नाही.
"मास्तरले सांगतलं नसन का तिनं?"
सांगितलं. मास्तरच त्याला घाबरतो, खुर्चीवरून पडतो.
तिथं टॉकीज हसली होती.
मीही हसले होते, तोंडात समोसा.

इंटरव्हलच्या आधी तो तिला मारतो.
एकच.
"कावून?"
दुसऱ्या मुलाशी बोलली म्हणून.
"आन् मंग?"
मग तोच रडतो. आरशावर हात आपटतो,
रक्त येतं, गाणं लागतं,
पाच मिनिटं नुसता त्याचा चेहरा.
"आन् तिचा गाल?"
गाल दाखवला नाही, काकू.

दुपारी धुऱ्यावर भाकरी सोडल्या.
वच्छला उन्हाळ्यात दिलेली, पोळ्याला परत आलेली,
तेव्हापासून कामापुरतं बोलणारी,
मुठीनं कांदा फोडता फोडता म्हणाली,
"आमच्या इथं बी लागे गाणं.
थो टीवीचा आवाज मोठा करे पयले.
मंग मले."

ठेचा या हातातून त्या हातात गेला.
कोणीतरी म्हटलं, तुरीला यंदा फुलोरा बरा आहे.

तिसऱ्या तासाला मी पुन्हा सुरू केलं,
सवयीनं, आवाज थोडा खाली:
मग तो सुधारतो. म्हणजे, दारू सोडतो.
ती त्याच्यासाठी उपास धरते...
बोंडाचं टोक नखात गेलं, बोट चोखत थांबले.
पलीकडच्या तासातून वच्छला,
"बसमंदी किती लोक होते?"
कोणत्या बसमध्ये?
"गाडी आडवी लावली तवा."
मोजले नाहीत गं. भरलेली होती. पन्नासेक.
"कोनीच नाई उतरलं?"
नाही.
ड्रायव्हरनं तर हॉर्नही वाजवला नव्हता.
हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं.

शेवट सांगायचा राहिला. कोणी विचारलाही नाही.

काट्यावर माझा कापूस नऊ किलो भरला,
वच्छलाचा एकवीस.
पांदणीनं गठुडी घेऊन निघालो आम्ही आठजणी,
ऊन कलतं, पाय धुळीत,
आणि कोणीतरी ते गाणं गुणगुणत होतं,
आरशाचं, रक्ताचं.
चाल गोड आहे, सोडत नाही.
पुढे चाललेली वच्छला थांबली,
मान वळवून बघितलं तिनं.

माझ्याचकडे.