निळी राळ

ताळगावच्या प्रयोगशाळेत, मागच्या खिडकीशी
एस्पेरान्साबाय राळेत निळा रंग कालवते.
तिची आई पाद्रीचे झगे धुताना
शेवटच्या पाण्यात नीळ घालायची,
तेवढ्याच हलक्या हाताने.

दगड आलाय पूर्वेच्या समुद्रातून,
साडेचार किलोमीटर खालून.
खोक्यावर चिखलाचा एक अंगठा, कुणाचा तरी.
राळ त्याच्या पोटात शिरते, शिरू दिलं तिथे.
मग घासायचा. घासत राहायचा,
उजेड आरपार जाईस्तोवर.
निळं दिसेल ते रिकामं.

“पोकळी किती?” फोनवर शेंबवणेकरसाहेब.
बारा टक्के.
ते खूश. मी पुढचं लगेच बोलत नाही.

बोरीला आमची विहीर चिऱ्यात खणलेली.
चिऱ्याची भोकं एकमेकांच्या ओळखीची,
पाणी कुणाला न विचारता येतं.
इथे खोल्या आहेत, पण मधली दारं
केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी,
आणि दारात इलाइटचे तंतू,
न झाडलेल्या माळ्यावरच्या जळमटासारखे.
कण कणात रुतलेत, वरच्या भाराने.
जिथे वाळू स्वच्छ होती, धुतलेली, नितळ,
तिथेच क्वार्ट्झला पाय टेकायला जागा मिळाली:
कण आपल्याच अंगाने वाढत गेले
आणि दार लिंपून बसले.

त्याच गाभ्यात, हातभर वर,
निळं अजून मोकळं.
भिंग बदलतो.
प्रत्येक कणावर हिरवट क्लोराइट,
पावसाळी कुंपणावरच्या शेवाळासारखा पातळ मळ.
त्यानेच क्वार्ट्झला वाढू दिलं नाही.
कुठल्यातरी जुन्या नदीच्या मुखाशी
त्या दिवसांत पाणी गढूळ आलं असेल, लोहाचं.
बाकी खोली तीच, ताप तोच.

अहवालात लिहितो:
खालचा तुकडा, शून्य दशांश शून्य चार मिलिडार्सी.
वरचा, नऊ.
भेगा असल्या तर हिशेब वेगळा,
पण भेग या गाभ्यात सापडली नाही,
आणि न सापडलेल्याची मी जबाबदारी घेत नाही.

एस्पेरान्साबाय दोन्ही काचा उजेडात धरते.
“ह्यांतली बरी खंयची?”
मळकी, मी म्हणतो.
ती हसते, खांदे हलवत, बराच वेळ.
“आमच्या आवयक सांगूं नाका हां.”
मग बशी विसळते,
आणि सिंकमध्ये निळं पाणी
जाळीपाशी जरा थांबून
उतरतं.