शून्य पूर्णांक दोन

रबाळे एमआयडीसी, पाटीवरचा प्लॉट नंबर पुसट.
केणीबाई कागदी पट्टी नाकाशी धरतात.
मोगरा. अगदी देव्हाऱ्यातला.
साहेब म्हणतात, पार्टी खूश आहे, माल काढा.

यादीत या द्रव्याची मर्यादा
शून्य पूर्णांक दोन टक्के.
बाटलीत शून्य पूर्णांक पाच.
हा काही कायदा नाही,
तपासायला कुणी येत नाही.
धंद्यानंच धंद्याला घातलेली वेसण,
दोरीचं टोकही त्याच्याच हातात.

केणीबाई बाही वर सरकवतात.
कोपराच्या आत काळपट चट्टा,
एकोणीस वर्षांचा,
यादी इथवर पोचली नव्हती तेव्हाचा.

पुन्हा मोजतात. थेंब. थेंब.
आता मोगरा
रात्री काढून ठेवलेल्या गजऱ्याइतका.

"फिका वाटतो," साहेब म्हणतात.

सहीच्या जागी त्या पूर्ण नाव लिहितात,
वडिलांच्या नावासकट.