तीन गायी, एक इसम

जिल्हा परिषदेचा कागद मंगळवारी आला:
गावातील पुरातन वस्तूंची माहिती
आठ दिवसांत सादर करावी.
सहा रकाने, सातवा शेऱ्याचा.

घोटवण बुद्रुक, कादवेच्या काठचं,
अकराशे चाळीस मतदार,
द्राक्षांच्या मांडवांत अर्धं बुडालेलं.
वास्तू म्हणाल तर समाजमंदिर,
त्याचाही स्लॅब गळतो.
दगू शार्दूल, आमचा शिपाई,
व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून म्हणाला,
"मॅडम, तो धुण्याचा दगड लिवा की."

चार वर्षं मी इथे ग्रामसेविका.
त्या दगडाशेजारून रोज स्कूटी नेली,
दिसलं नाही कधी
की फेसाखाली माणूस आहे.

दगूनं काथ्यानं घासला.
खालच्या चौकटीत तीन गायी,
त्यांच्यापुढे एक जण, ढाल उचललेला.
मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या दोघी.
त्यावर तोच, पिंडीपुढे मांडी घालून,
आणि अगदी माथ्याशी चंद्र, सूर्य:
हे दोघे आहेत तोवर.
चेहरा मात्र नाही.
चेहऱ्याच्या जागी खळगा,
किती सासुरवाशिणींनी गोधड्या आपटून
गुळगुळीत केलेला.
साबणाची वडी त्यात बरोबर बसते.

कालखंड: माहीत नाही.
मालकी:
इथे पेन थांबलं.

ग्रामसभा लावली. दवंडी नाही, व्हॉट्सॲप.
शंभर लागतात, आले बावीस.
बेंडकुळे म्हणाले, तो आमचा पूर्वज.
गणोरे म्हणाले, असेल,
पण गायी आमच्या होत्या.
मग लीलाबाई उठल्या, ओल्या हातांनीच:
"वीर न्या कुठं न्यायचा तो.
धुणं कशावर आपटायचं ते आधी लिवा."
सभा तहकूब.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही,
कायद्यात एवढं एक बरं आहे.
पुढच्या बुधवारी अकरा जणांनी ठरवलं:
वीर हलवावा,
नळापाशी कडप्पा बसवावा,
खर्च किरकोळमधून.

हलवायचा कुठे?
पंचायतीच्या नावावर कुलूपबंद जागा एकच.
कोंडवाडा.

नऊ वर्षांत तिथे एक जनावर आलं नाही.
मोकाट सुटायला गावात गुरं उरलीत कुठे?
किल्ली तरी दगूच्या करदोट्याला.
ट्रॅक्टर मागे घेतला,
द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे अंथरले,
आठ जणांनी उतरवला,
आणि बेंडकुळ्यांचा पोरगा बोट चेमटून घेऊन
पूर्वजाला शिवी देऊन बसला.

दगूनं कपाटातून कोंडवाड्याची वही काढली,
सवयीनं की थट्टेनं, अजून कळलेलं नाही,
आणि पानावर लिहिलं:
गायी तीन. इसम एक.
पकडले कोठे: सार्वजनिक नळ.
मालक: बेपत्ता.
"मॅडम, दंड किती लावू?"

मी हसले. मग थांबले.
गायी सोडवायला गेलेला माणूस
आम्ही गायींसकट कोंडला होता,
सूचक, अनुमोदक, दोघांच्या सह्यांनिशी.
"मुदतीत कोणी न्यायला आलं नाही
तर लिलाव असतो," दगू म्हणाला. "नियम हाय."
फाटक ओढलं त्यानं.
कुलूप लावायला विसरला,
किंवा मी तसं धरून चालले.

शनिवारी मोजमाप घ्यायला टेप घेऊन गेले.
उंची चार फूट दोन इंच.
रुंदी दीड.
कोंडवाड्यात नळ नाही,
तरी पायाशी माती ओली,
बाभळीवर एक परकर वाळत घातलेला,
आणि चेहऱ्याच्या खळग्यात
निळी वडी, अर्धी झिजलेली.

सद्यस्थितीच्या रकान्यात आधी "सुरक्षित" लिहिलं होतं.
ते खोडलं, सही केली,
आणि वर लिहिलं:
वापरात.