किलोमागे

मेलियानुस, फोटो मिळाला.
सुराबायाची गल्ली, दोरीवर कुणाची तरी लुंगी,
आणि मधोमध ती लाल गाडी.
चार वर्षं वापरलेली, मालक एकच,
एक कोटी दहा लाख रुपिया.
तू लिहिलंस, आई, फुकटच म्हण.

असेल फुकट. तिथे.
तिथे म्हणे नंबरप्लेट परगावची निघाली
तर आणखी पाच-सात लाख उतरवतात.

मी वामेनात डाएंग सिक्कीकडे गेले.
तशीच गाडी, तोच लाल,
फक्त सीट उसवलेली आणि आरसा एकच.
दोन कोटी साठ, म्हणाला.
मी म्हटलं, सुराबायात एक-दहा.
तो हसला नाही. वही काढली,
बोटाला थुंकी लावून पान उलटलं
आणि गाडीचा प्रवास वाचून दाखवला:
बंदरापर्यंत ट्रक, मग जहाज,
मकास्सारला उतरव-चढव,
सोरोंग, मानोक्वारी, आठवडाभर खारा वारा,
जयापुरात हमाल आणि गोदामाचं भाडं.
इथवर एक-सत्तर झाले, म्हणाला,
आणि अजून ती समुद्राकाठीच उभी आहे, बाई.
पुढचा रस्ता तुला ठाऊक आहे,
कधी तो वाहून जातो, कधी कुणी अडवतं.
म्हणून पेट्रोल काढून, बॅटरी सोडवून
विमानात आडवी घालतात तिला,
तांदूळ आणि सिमेंटच्या गोण्यांत.
भाडं किलोमागे.

बघ, शंभर किलोची गाडी
ह्या खोऱ्यात एक हात चालायच्या आधी
उडून आलेली असते.

राग आला, पण पटलं.
खाली गाडी जुनी झाली की उतरते.
इथे सीट फाटते, रंग जातो, किंमत हलत नाही,
कारण तिच्या अंगात ते विमान कायमचं राहतं.

मग मी आपल्या डुकराची गोष्ट काढली.
डाएंग दोन पावलं मागे सरकला, स्टुलासकट.
त्याला चालत नाही, विसरलेच होते.
पण ओबेदच्या घरी लग्न आहे,
दोन-ऐंशी देतो म्हणतात, आणि दात बघून कदाचित तीन.
म्हणजे आपलं एक डुक्कर
तुझ्या गल्लीतल्या दोन गाड्या, वर पेट्रोल.
रात्री हे सुचलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसले.
सकाळी लिंचेला सांगितलं.
ती म्हणाली, तिकडे नेलंस
तर जहाज धक्क्याला लागेपर्यंत
ते नुसतं डुक्कर होईल.

रताळ्यांचंही तेच असणार.
मी नऊ किलोमीटर चालत जिबामाच्या बाजारात नेते,
डोक्याच्या पट्ट्याला लटकवलेली पिशवी,
मानेत कळ येईपर्यंत.
तू सांगितलंस, तिथे सोलून, तळून, कागदात बांधून
पोरं उभ्याउभ्या खातात, चिल्लरीत.
कुणी विचारत नाही कुठल्या मातीतली.

गाडी मला त्यासाठीच हवी होती.
आणि पाऊस लागला की दवाखान्यासाठी.

पण हिशोब करता करता
एक गोष्ट मधेच बोटांवर अडकली.
वर चढलं ते महागलं, खाली उतरलं ते स्वस्त झालं,
असंच ना, डाएंगच्या वहीप्रमाणे?
तू उतरून तीन वर्षं झाली.
गोदामात खोकी उचलतोस, हे मला
तू नाही, लिंचेच्या पोराने सांगितलं.
कॉलेजचं त्याने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
खोली बघायला गेलास तेव्हा
फोनवर हो म्हणालेल्या बाईने
दारात तुझा चेहरा बघून
खोली आत्ताच गेली म्हटलं, तेही त्यानेच.

गाडीचं अजून ठरलेलं नाही.
डाएंग दुसरा आरसा बसवून देतो म्हणतो,
रुपिया सोडत नाही.
तू मात्र ती लाल गाडी घेऊन ठेवू नकोस.

येताना विमानपट्टीवर थांबले होते.
छोट्या विमानाचं विचारून घेतलं.
माणसालाही काट्यावर उभं करतात,
पिशवीसकट, चपलांसकट,
त्याच काट्यावर, जिथे गाडी ठेवतात.

तर मेलियानुस, आकडा फुगवू नकोस,
तुझं वजन आता किती आहे
तेवढं कळव.