तळघराची किल्ली

बत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात
डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावलं मी.
घरांच्या जाहिराती मात्र लागेनात,
चष्मा पुसून पुसून काच झिजली.

'समुद्रदर्शन' म्हणजे न्हाणीघराच्या झरोक्यातून,
तेही चवड्यांवर उभं राहून.
'मेट्रोपासून पाच मिनिटं',
ती कुणाच्या पायांची, ते छापलेलं नव्हतं.
माझ्या गुडघ्यांनी मोजली, एकोणीस भरली.

पहिल्या एजंटला चौरस मीटरचे भाव
पाढ्यांसारखे पाठ.
मी विचारलं, दक्षिणेचा लोदोस सुटला
की कुठल्या खिडकीतून घुसतो?
तो म्हणाला, एसी आहे की, मावशी.

मग जान्सेल. हसरी, घाईची पोर.
प्रत्येक दार उघडताना म्हणायची,
आज संध्याकाळी एक जोडपं येतंय, लगेच सांगा.
पाच घरं दाखवली. पाचही घरांना तेच जोडपं.
शेवटी मला त्यांचीच काळजी वाटायला लागली,
बिचारी, एका संध्याकाळी किती जिने चढणार!

हुसामेत्तिन मासळीवाला कल्ले उलगडून दाखवत म्हणाला,
ज्याच्या काचेवर सगळ्यात कमी फोटो,
त्याच्याकडे जा, शुक्रान हानिम.

झिहनी बेयच्या काचेवर दोनच होते, तेही उन्हाने विटलेले.
टेबलावर चहाचा पेला आणि एक जाड विजेरी.
पैसे किती, हे त्यांनी विचारलंच नाही.
विचारलं, रात्री किती वेळा उठता?
बहीण कुठे राहते?
पाव कुठल्या भट्टीचा आवडतो?
ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय माझी,
तरी सगळं सांगून बसले,
निवृत्तीचा आकडासुद्धा.

चौथ्या मजल्यावरचं ते घर.
स्वयंपाकघरात पिवळ्या फरश्या,
खिडकीला टेकलेलं तुतीचं झाड.
मी मनात पडदे लावूनही मोकळी झाले होते.
झिहनी बेयनी ना भिंत ठोकली, ना नळ सोडला.
राखणदाराला म्हणाले, तळघराची किल्ली.

तिथे काय बघायचंय? पूर्वी कोळसा असायचा.
तेच बघायचंय.

खाली ओल, मांजरीचा वास,
पोपडे सुटलेला एक खांब.
विजेरी माझ्या हाती देऊन
त्यांनी किल्लीच्या टोकाने तो खरवडला,
मी बाटलीचं बूच हुंगून औषध ओळखते ना, तितक्या सहज,
आणि माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं.

शिंपला.
नखाएवढा, रेघारेघांचा, अजून पांढरा.

बहात्तर सालची इमारत, ते म्हणाले,
वाळू किनाऱ्यावरून उचललेली. धुतलेली नाही.

पुढे काहीच बोलले नाहीत.
या शहरात पुढचं बोलावं लागत नाही.
ऑगस्टमधली ती रात्र, आवजलारच्या बागेत
आम्ही चादरी पांघरून उभे,
आणि समोर, जिथे रोज आयतेनच्या घरातला दिवा दिसायचा,
तिथे थेट आभाळ.

वर आल्यावर मी म्हटलं,
तुमचे दोन टक्के बुडाले की.
ते हात पुसत होते. म्हणाले,
चहा तुमच्याकडून.

म्हणजे संत नव्हेत हं ते.
सिमिटचे तीळ मिशीत अडकलेले असतात,
वेळ कधी पाळत नाहीत,
आणि फुटबॉलवर बोलायला लागले की
घर विकत घ्यायचं होतं, हे मीच विसरते.

आठ घरं झाली. अजून भाड्याचीच खोली.
शिंपला औषधांच्या डब्यात आहे,
रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी.

आज सकाळी फोन आला:
टेकडीवर एक आहे. खाली खडक.
समुद्र बिलकूल दिसत नाही,
समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात.
स्वयंपाकघर अंधारं, पायऱ्या एक्केचाळीस.
राखणदाराने न मागता तळघर उघडलं.

मी बुटांच्या नाड्या बांधते आहे.
विजेरी या वेळी माझी.